लिफाफेवाली आणि बावीस घरं

आमची बायको घरी आलेलं पाकीट एकटी असताना कधी उघडत नसे. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर माझ्या बहिणीचं भांडणाचं पत्र असो, दोन माणसं साक्षीला समोर बसल्याशिवाय पाकिटाला कात्री लागायची नाही. एक साक्षीदार मी, घरचाच, फुकटचा. दुसरी शेजारच्या दुबेजींची बायको. तिला हातातलं लाटणं टाकून यावं लागायचं. मग ही पाकीट उलटसुलट करून दाखवायची, "बघा, चिकटवलेलं आहे ना? कुठं फाटलेलं नाही ना?" आम्ही दोघं माना हलवायचो. मग कात्री. मग कोपऱ्यावर तारीख, वेळ आणि हिची बारीक सही. आत काय, तर कुणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण.

म्हणून इंदूरच्या आमच्या मिलच्या चाळीत हिचं नाव लिफाफेवाली पडलं. पोरं लिफाफेवाल्या काकू म्हणायची. मोठे तोंडावर भाभीजी म्हणायचे आणि पाठीमागे लिफाफेवाली. हिला ते माहीत होतं. म्हणायची, "म्हणू दे. बंद लिफाफा म्हणतात, उघडी पेटी तर म्हणत नाहीत." विनोद काही फार मोठा नव्हता, पण ही स्वतःच्या विनोदाला स्वतःच पोटभर हसायची, त्यामुळे आपल्यावर हसायची जबाबदारी राहत नसे.

सवय कचेरीतली. सरकारी बांधकाम खात्यात टेंडरच्या टेबलावर ही टायपिस्ट म्हणून लागली आणि त्याच टेबलावर तिचे केस पिकले. पूल, शाळा, दवाखाने, जे बांधायचं असेल त्याची टेंडरं हिच्या मशीनमधून निघायची आणि ठेकेदारांचे बंद लिफाफे हिच्यासमोर उघडायचे. मी मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागावर. शिक्षण पाचवी, तीही मास्तरांच्या दयेनं. ही मॅट्रिक पास. हिच्या घरचे संस्थानी फौजेतले. भिंतीवर आजोबांची तलवार, आणि डब्यात ज्वारी.

आमच्या लग्नाचंही हिनं टेंडरच केलं होतं म्हणा. तीन स्थळं होती. एक रेल्वेत, एक मास्तर आणि एक मी. तिघांत कमी बोलीचा मी. पुढं भांडण झालं की मी म्हणायचो, "मग त्या रेल्वेवाल्याला का नाही केलंस?" ही पोळी उलटत शांतपणे म्हणायची, "सगळ्यात कमी बोली नेहमीच वाईट नसते हो. फक्त त्यात काय काय धरलेलं नाही ते आधी बघावं लागतं."

"मग माझ्यात काय धरलेलं नव्हतं?"

"अक्कल. पण ती बाहेरून पुरवता येते. म्हणून घेतलं."

"यात काय नाही ते सांगा," हे हिचं पेटंट वाक्य होतं. शिंप्यानं शिलाई सांगितली की ही विचारायची, हुक कुणाचे? अस्तर कुणाचं? माझ्या पुतण्याच्या लग्नात बँडवाल्याशी अर्धा तास बोलली आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की वाजवत जायचे जे पैसे, त्यात वाजवत परत यायचंही आहे. वरात संपल्यावर बिचारे रिकाम्या रस्त्यानं वाजवत परत चालले होते, ऐकायला फक्त कुत्री. ही म्हणायची, "काय देणार ते सगळेच सांगतात. त्याला अक्कल लागत नाही. काय देणार नाही ते माणूस कधी आपणहून सांगतो का?"

मग ते वर्ष आलं. दिल्लीत कुठं तरी दारं उघडली म्हणे, बाहेरचा माल येणार, नवे कारखाने येणार. आमच्या मिलचं दार मात्र त्याच सुमाराला बंद झालं. एक दिवस पाळी सुटली ती सुटलीच. साच्यांच्या आवाजात जन्मभर ओरडून बोललेली आम्ही माणसं. मिल गप्प झाली तरी आम्ही ओरडूनच बोलायचो, आणि सगळ्या मोहल्ल्याला सगळ्यांची भांडणं घरबसल्या ऐकू यायची.

आणि मग चाळ रिकामी करायचा कागद आला. मुदत दिवाळीपर्यंत. आमची बावीस कुटुंबांची एक सोसायटी होती. नाल्याच्या पलीकडे तिचा जमिनीचा तुकडा होता, चांगल्या दिवसांत घेऊन ठेवलेला. त्यावर फक्त बाभळी आणि बकऱ्या. आता त्या तुकड्यावर दिवाळीच्या आत बावीस छतं पडली तर ठीक, नाहीतर बावीस कुटुंबं रस्त्यावर. मिलकडून जो काही पहिला पैसा आला तो आणि बायकांच्या अंगावरचं सोनं, एवढंच भांडवल. एकदाच घर बांधता येईल इतकं. चुकलं तर दुसऱ्यांदा बांधायला कुणाकडे काही नव्हतं.

सोसायटीची सभा मारुतीच्या ओट्यावर भरली. अध्यक्ष दुबेजी, मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांवर देखरेख करणारे. पहिल्याच सभेला पांढऱ्या मोटारीतून सफारी सूट घातलेला एक बिल्डर आला. रंगीत कागद वाटले. कागदावर घर, घरासमोर हिरवळ, हिरवळीवर एक गोरं पोर. म्हणाला, "नक्शा मेरा, माल मेरा, मजदूर मेरे. आप लोग सिर्फ चाबी लेना." आम्ही सगळे खूश. मला तर तो माणूस इतका आवडला की मी पदरचा चहा पाजला.

ही मागं बायकांत बसली होती. उठून उभी राहिली. "भाईसाहेब, यात काय नाही ते सांगा."

"जी?"

"नाल्याकडची भिंत आहे का? संडासाची टाकी आहे का? भिंती किती जाडीच्या?"

"बहनजी, विश्वास रखिए."

"ठेवला. जाडी सांगा."

सफारीवाल्यानं माझा चहा अर्धा ठेवला.

मग हिनं सगळ्यांना समजावलं. बोलली हिंदीतच, मी माझ्या भाषेत लिहितोय. म्हणाली, "दुबेजी, लग्नात जेवण घालायच्या तीन तऱ्हा असतात. एक, आजकालची फॅशन, ताटावर दर. सगळं त्याचं, आपण हात धुवून बसायचं. झटपट काम, डोक्याला ताप नाही. पण तूप किती घालायचं ते त्याच्या मनावर, आणि मधेच काही बदलायचं म्हटलं तर तो सांगेल तो भाव. दुसरी, काय काय शिजवायचं ते आपण लिहायचं आणि हलवायाला एकेका पदार्थाचा दर विचारायचा. वेळ जातो, पण दोघांचे दर शेजारी ठेवून बघता येतात. तिसरी, किराणा सियागंजच्या बाजारातून आपण आणायचा आणि हलवायाला फक्त मजुरी. स्वस्त पडतं. पण कोठीची राखण आपली, आणि तूप सांडलं तर तेही आपलंच."

"तो भाभीजी, अपन कौनसी करें?"

"तूप आणि साखर आपली. बाकी पदार्थावर दर."

म्हणजे सिमेंट आणि लोखंड सोसायटी आणणार, कारण खोट करायची तर तिथंच होते. राखणीला माणसं शोधायची गरज नव्हती, मिलनं बावीस पुरुष रिकामे करून ठेवलेच होते. वीट, गिलावा, फरशी, बाकी एकेका कामाचा दर ठेकेदारानं लिहून द्यायचा. नक्शा आधी आपल्या इंजिनिअरकडून, आपल्या पैशानं. आणि एक गोष्ट हिनं बोट वर करून सांगितली, "सगळी पंगत एकाच हलवायाला द्यायची नाही. अकरा घरं एकाला, अकरा दुसऱ्याला. एक पळाला तरी अर्धी पंगत जेवेल. आणि काम छोटं केलं की छोटा ठेकेदारही येईल. त्याला आपण मोठं गिऱ्हाईक वाटू. सफारीवाल्याला आपण म्हणजे खिशातली सुपारी."

ठेकेदारांकडून दोन-दोन लिफाफे मागवले. पहिल्यात त्यानं आधी कुठं काय बांधलं त्याची यादी, दुसऱ्यात दर. पहिला पटला तरच दुसरा उघडायचा, नाहीतर न उघडता परत. यादी आली की ही रविवारी माझ्या सायकलीच्या कॅरियरवर बसून ती घरं बघायला निघायची. मागं बसून पूर्ण रस्ता मला खड्डे सांगायची, ते मागून हिला पुढच्यापेक्षा आधी कसे दिसायचे कोण जाणे. एका ठेकेदारानं आम्हाला त्यानं बांधलेल्या घराचा दर्शनी भाग दाखवला, नक्षीची जाळी, मोरांची जोडी. ही "वा वा" म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेली. आतल्या बाईला म्हणाली, "वहिनी, पाणी कुठं येतं?" ती बाई आधी दारात कोण आहे ते बघून आली आणि मग जी सुरू झाली! मोरीचं पाणी चुलीकडे येतं, ओल कणगीपर्यंत चढते, दार पावसाळ्यात लागत नाही. बाहेर ठेकेदार मला मोरांबद्दल सांगत होता. त्याचा दुसरा लिफाफा जसा आला तसाच परत गेला.

आता बाबूचं सांगतो. बाबू माझा साच्यांवरचा जोडीदार. आमच्या खात्यात एक रीत होती. जोडीदार बिडी प्यायला गेला तर त्याचे साचे आपण बघायचे. त्याचा धागा तुटला तर आपण सांधायचा. सुपरवायझरनं विचारलं तर म्हणायचं, इथंच तर होता. कुणी शिकवायला लागत नसे. जो हे करत नसे त्याच्याजवळ बसून कुणी डबा खात नसे. एकोणीस वर्षं मी बाबूचे आणि बाबूनं माझे धागे सांधले. मिल बंद झाल्यावर त्यानं आपल्या गवंडी मेहुण्यांना घेऊन छोटे ठेके घ्यायला सुरुवात केली. हात चांगला होता. त्यानं बांधलेल्या दोन्ही घरांतल्या बायकांनी हिच्यापाशी त्याची तारीफ केली. पहिला लिफाफा पास. दुसऱ्या अकरा घरांसाठी त्यानं दर भरायचा होता.

दर किती असावा याचा स्वतःचा एक अंदाज हिनं इंजिनिअरबरोबर बसून काढला आणि घरी मशीनवर टाइप केला. आलेले दर त्याच्याशी ताडून बघायचे होते. मला म्हणाली, "हा आकडा लिफाफे उघडेपर्यंत ना तुम्हाला, ना देवाला." मी म्हटलं, देवाला कशाला नको? म्हणाली, "ओट्यावर बसतो तो. सगळे त्याच्याशी बोलतात."

त्या दिवशी हिच्या अंगात ताप होता. टाइप झाल्यावर कागद हिनं ट्रंकेत घातला, कुलूप लावलं. मधला कार्बन पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "एवढा शेगडीत टाका. मी पडते." नेहमी हे ती स्वतः करायची.

मी टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णपुऱ्याला जुन्या समाध्यांच्या छत्र्यांपाशी बाबू भेटला. दोघांनी पोहे घेतले, त्याचे तसेच राहिले. म्हणाला, "यार, रेट क्या डालूं? ज्यादा डाला तो गया, कम डाला तो मरा. मेहुणे रोज विचारतात." मी बंडीतून तो कार्बन काढला आणि त्याला दिला. उजेडाला धरला की सगळे आकडे दिसत होते. खरं सांगतो, मला चोरी केल्यासारखं मुळीच वाटलं नाही. जोडीदाराचा धागा तुटला होता, मी सांधला. एवढंच वाटलं. उलट जिलेबी मागवली.

लिफाफे उघडायचा दिवस चैत्रातला. ओट्यावर सगळी सोसायटी. ही एकेक लिफाफा वर धरून दाखवायची, कापायची, दर मोठ्यानं वाचायची, दुबेजी पाटीवर लिहायचे. पहिली अकरा घरं झाली. दुसऱ्या अकरांत शेवटचा लिफाफा बाबूचा. तो सगळ्यांत खाली येत होता. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात. बाबू खाली मान घालून हसत होता.

आणि ही वाचता वाचता थांबली. जोत्यात मुरूम भरायच्या दरावर. टाइप करताना हिच्या हातून तो दर दुपटीनं पडला होता. मागाहून हिच्या ध्यानात आलं, आपल्या कागदावर हिनं पेनानं दुरुस्त केलं, ते मी पुढं तो कागद बघितला तेव्हा मला कळलं. कार्बनवर मात्र चुकलेलाच राहिला. बाकी सगळ्या ठेकेदारांनी मुरमाला जो रास्त दर असतो तोच लिहिला होता. एकट्या बाबूनं लिहिला होता दुप्पट, हिच्या चुकीपेक्षा चिमूटभर कमी. हिची चूक त्यानं इमानानं उतरवून घेतली होती.

हिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाटीकडे बघितलं, बाबूकडे बघितलं, देवाकडेसुद्धा बघितलं. माझ्याकडे नाही. म्हणूनच मला कळलं की हिला कळलं.

गप्प बसली असती तर काम झालं असतं. दर कमी होता, माणूस कामाचा होता, चार दिवसांत पाया खणायला लागला असता. मुरमाचं हिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. ही कागद खाली ठेवून म्हणाली, "हे टेंडर रद्द करा. दोन्ही भाग. माझा आकडा फुटलाय. ज्याच्या हाती लागला त्यानं दर भरलाय आणि बाकीच्यांनी आंधळेपणी भरलाय. आकडा माझ्या ताब्यात होता. जबाबदारी माझी."

मग जे झालं! गौतमपुऱ्याला दिवाळीत पेटती हिंगोटाची फळं फेकतात ना एकमेकांवर, तसं. फक्त इथं दुसऱ्या बाजूला एकटी हीच. "दिवाळीला कुठं जायचं?" "सरकारी चोचले आहेत!" "घर में ताला नहीं लगता क्या भाभीजी?" "बुलाओ सफारीवाले को!" आणि मी, मुकादमाला तोंडावर गाढव म्हणालेला माणूस, तोंडात मिठाची गुळणी धरून खांबाला टेकून बसलो होतो.

दुबेजींनी विचारलं, "भाभीजी, दुबारा में कितना टाइम?"

"एकवीस दिवस."

"फिर दिवाली तक छत पड़ेगी?"

"छत पडेल. गिलावा नाही पडणार. खोटं कशाला सांगू?"

हात वर करून मतं घेतली. हिच्या बाजूनं दोनच हात जास्त पडले. त्यातला एक माझा होता, तो वर करताना फार जड झाला होता.

घरी आल्यावर मी वाट बघत होतो की आता विचारील, मग विचारील. हिनं भात टाकला. वरण झालं. मला वाढलं. मग म्हणाली, "तुम्ही उद्या गौतमपुऱ्याला जा. माझ्या धाकट्या भावाची भिंत पडलीय, त्याला मदत करा."

"किती दिवस?"

"एकवीस."

"भिंत एवढी मोठी आहे?"

"टेंडर एवढं मोठं आहे," ही म्हणाली. "आणखी भात?"

गौतमपुऱ्याला पोचलो तर मेहुण्याची एकूण एक भिंत उभी. तो म्हणाला, "सकाळच्या बसच्या कंडक्टरनं ताईची चिठ्ठी दिलीय, तुम्हाला कामाला लावा." दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी दोघांनाही लाज वाटली, तेव्हा गोठ्याची एक भिंत आम्हीच पाडली आणि पुन्हा बांधली. चांगली झाली नाही. मेहुणा म्हणाला, "आधीची बरी होती." बाविसाव्या दिवशी मी इंदूरला परत आलो आणि सगळ्यांना सांगितलं की मेहुण्याची भिंत पडली होती. कुणी काही विचारलं नाही.

नवे लिफाफे उघडले गेले होते, दोन ठेकेदार ठरले होते. बाबूला नव्या टेंडरात मनाई होती, हे ही स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगून आली होती. पुढं काम जे चाललं ते भर पावसाळ्यात. ही कचेरी सुटली की छत्री घेऊन साइटवर. ठेकेदार हिला बघून मुकादमाला म्हणायचे, "आ गई, आ गई, तराई मार," म्हणजे भिंतींवर पाणी मार. दिवाळीच्या आत बाविसांवर छत पडलं. गिलावा एकाही घराला नव्हता. नागड्या विटांत आम्ही लक्ष्मीपूजन केलं. दुबेजींची बायको म्हणाली, "लक्ष्मीजी सोचेंगी, किस गोदाम में आ गई." सगळे हसले. त्या दिवशी सभेत ओरडलेले सगळ्यात जास्त हसले.

बाबू वर्षभर माझ्याशी बोलला नाही. इथं काम नाही म्हणून पीथमपूरला गेला, नव्या कारखान्यांच्या शेडांची कामं घेत घेत चांगला मोठा झाला. आमच्या अकरा घरांत अडकला असता तर अजून मुरूम भरत बसला असता. दर दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा डबा यायचा. डब्यावर हिचं नाव, वहिनी. माझं नाही.

त्या कार्बनबद्दल हिनं मला कधी एक शब्द विचारला नाही. मीही सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू. मी जन्मभर ज्याला जे वाटलं ते तोंडावर बोललो, त्यापायी दोनदा पाळी बुडाली, एकदा दात गेला. पण हे एक घशातून वर आलं नाही. फरक एवढाच झाला की त्यानंतर घरात काही जाळायचं असलं की ही स्वतः जाळायची. एकदा होळीलाही मला म्हणाली, "व्हा बाजूला."

पुढं नोकरी संपली तरी हिची कचेरी संपली नाही. कुठली सोसायटी, कुठलं मंगल कार्यालय, काही बांधायचं निघालं की लोक हिला विचारायला यायचे. ही त्यांना चहा द्यायची आणि तासभर त्यांचंच डोकं पिकवायची. लोक कंटाळून जायचे आणि परत यायचे.

गेल्या पौषात ही गेली. चार दिवस दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुमच्या जेवणाचं काय?" म्हटलं, डबा लावीन. म्हणाली, "लगेच लावू नका. आधी चार दिवस वेगवेगळ्या ठिकाणी खाऊन बघा. भाजीत तेल किती ते बघा. आणि आमटी धरलीय का विचारा." म्हटलं, बरं. "बरं नाही. विचारा." हे आमचं शेवटचं बोलणं. लोक म्हणतात शेवटी माणूस देवाचं नाव घेतो. हिनं आमटीचं घेतलं.

तेराव्याला सगळी कॉलनी आमच्या अंगणात बसली होती. जो तो हिच्याबद्दल चांगलं बोलत होता. ऐकता ऐकता मला बसवेना. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "हिच्यावर तुम्ही त्या दिवशी ओट्यावर ओरडला होतात. टेंडर रद्द झालं तेव्हा. आकडा हिनं नाही फोडला. मी फोडला. कार्बन जाळायला दिला होता, मी बाबूला दिला. आणि खांबाला टेकून बसून राहिलो."

म्हातारे सगळे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता उठून जातील.

दुबेजींना आता धड उभं राहता येत नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "बैठ जा भिया. मालूम है."

"काय मालूम है?"

"सब मालूम है. सबको मालूम है. तू गौतमपुरा की बस में बैठा ना, उसी शाम को भाभीजी ओटले पे आई थीं. सबके सामने बोलीं, गलती मेरे आदमी से हुई है. दोस्त के लिए की, अपने लिए नहीं. मुझे हटाना हो तो हटा दो. लेकिन उसको कोई कुछ नहीं बोलेगा. वो समझता है किसी को पता नहीं. उसको वैसा ही समझने दो, नहीं तो वो इस मोहल्ले में सिर उठा के नहीं चलेगा."

मी म्हटलं, "आणि तुम्ही इतकी वर्षं..."

दुबेजींची बायको मागून म्हणाली, "बोलते कैसे? कसम दी थी ना लिफाफेवाली ने."

मी खाली बसलो. या कॉलनीत कुणाकडे कुठली भाजी शिजली ते दुपारपर्यंत शेवटच्या घराला कळतं. कुणाची सून रुसली तर ती माहेरी पोचायच्या आत बातमी पोचते. बावीस घरं, आणि प्रत्येकातली माणसं माझ्याशी रोज बोलणारी, माझ्याशी भांडणारी, पत्त्यांत मला लबाड म्हणणारी. भांडणाच्या भरातसुद्धा एकाच्या तोंडून निघालं नाही. मी मान वर करून हिंडत होतो, आणि ती मान एवढ्या माणसांनी धरून ठेवली होती.

माणसं गेल्यावर दार लावलं आणि हिच्यावर मनापासून चिडलो. मला एका शब्दानं सांगायचं नाही? एवढी वर्षं मनात ठेवून मी एकटाच झुरतोय, आणि ही सगळ्या गावाला सांगून मोकळी! उभ्या संसारात हिच्याशी भांडायला इतकं चोख कारण मला कधी मिळालं नव्हतं. आतल्या खोलीकडे तोंड करून मी दोन वाक्यं बोललोसुद्धा, चांगली मोठ्यानं, मिलमधल्यासारखी. मग थांबलो. उत्तरासाठी तशी माझी थांबायची सवय आहे.